पेडण्याहून वाडीचा राजवाडा: एका दिवसात, पण घाई न करता

आमच्या गोव्यातल्या लोकांना म्हैसूरचा पॅलेस तोंडपाठ असतो. शाळेची सहल, लग्नानंतरची ट्रिप, निवृत्तीनंतरची टूर, सगळं म्हैसूर. आणि घरापासून तासाभरावर असलेला सावंतवाडीचा (आमच्या बोलण्यात नुसती वाडी) राजवाडा मात्र आंबोलीला जाताना गाडीच्या काचेतून "तो बघ तलाव, पलीकडे राजवाडा" एवढाच. मी पण तशीच होते, लग्न होऊन पेडण्याला आले तरी पहिली सहा वर्षं मी आत पाय ठेवला नव्हता, आणि पहिल्यांदा गेले तेव्हा सगळं चुकीच्या क्रमाने केलं. आता पाच-सहा वेळा झालंय, पाहुणे आले की मलाच गाईड करतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते म्हणजे नंतर मला कोणी शिव्या घालणार नाही. हा राजवाडा म्हैसूरसारखा डोळे दिपवणारा नाहीये. जांभ्या चिऱ्याची, कमानींची, लांबच लांब लालसर इमारत, पुढे हिरवळ, जुनी झाडं. फक्त बघून बाहेर यायचं म्हटलं तर अर्ध्या तासात संपतो आणि मग माणसं म्हणतात "एवढंच?". पण इथे दरबार हॉलमध्ये माणसं बसून गंजिफा रंगवतात, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर रंगवतात. तिथे निवांत एक तास बसायला मिळेल असा दिवस आखायचा, बाकी सगळं त्या एका तासाच्या आजूबाजूला बसवायचं. पुढे लिहिलेलं सगळं त्याच हिशोबाने आहे.

कधी जायचं

जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार सोडून द्या. आंबोलीचा धबधबा बघायला अख्खा गोवा, बेळगाव, कोल्हापूर उलटतं आणि आंबोली वाडीपासून जेमतेम तीस किलोमीटर, त्यामुळे तलावाच्या काठाने गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. चतुर्थीच्या आठवड्यात तर विचारूच नका, तेव्हा वाडीवाले त्यांच्या गणपतीत आणि आपण आपल्या. एप्रिल-मेमध्ये घाम पुसण्यातच दिवस जातो (आंबे फणस मिळतात हे खरं, पण ते पेडण्यातही मिळतात). मला विचाराल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, आणि त्यातही कामाचा वार, म्हणजे मंगळवार ते शुक्रवारमधला कुठलाही.

निघायच्या आदल्या दिवशी राजवाड्यात फोन करा, हे हसण्यावारी नेऊ नका. दोनच प्रश्न विचारायचे: उद्या संग्रहालय किती ते किती उघडं, आणि उद्या चित्रं रंगवणारे कलाकार बसणार का. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मी पहिल्या वेळी फोन न करता आरामात उठून, वाटेत बांद्याला चहा, मग नाश्ता असं करत दुपारी एकला पोचले आणि दार बंद, दुपारची सुट्टी. चूक पूर्ण माझी. दोन तास तलावाच्या कठड्यावर बसून सासूबाईंची बोलणी खाल्ली. तेव्हापासून माझा नियम, सकाळी दहाच्या सुमाराला दारात.

घरी करायची तयारी

मुलं बरोबर असतील तर आदल्या रात्री त्यांच्याकडून दशावतार म्हणून घ्या. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. पेडण्याकडच्या मुलांना हे वेगळं शिकवावं लागत नाही, जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक बघून वाढलेली असतात, पण पणजी-मडगावच्या फ्लॅटमधल्या भुरग्यांना नरसिंहानंतर अडखळायला होतं. हे का सांगतेय, तर दशावतारी गंजिफाचा अख्खा डाव यावरच उभा आहे. दहा अवतार म्हणजे दहा रंग, आपल्या पत्त्यांत इस्पिक बदाम असतात तसे, आणि प्रत्येक अवताराचे बारा पत्ते, एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. दहा गुणिले बारा, एकशेवीस पत्ते. हे माहीत असेल तर पोरगं तिथे जाऊन "हा मासेवाला सात आहे" असं स्वतः ओळखतं आणि मग त्याला तिथून उठवणं कठीण जातं, नाहीतर पाच मिनिटांत "मम्मी, आईस्क्रीम".

मोठ्यांसाठी तयारी म्हणजे थोडा इतिहास, आणि हा आपल्या घरचाच आहे. पेडणं, डिचोली, सत्तरी हा सगळा भाग एके काळी वाडीकर सावंत-भोसल्यांचा. अठराव्या शतकात पोर्तुगीजांशी लढाया, तह, परत लढाया असं होत होत हे तालुके एकेक करून तिकडे गेले, पेडणं शेवटी 1788 साली. म्हणून आपण यांना नव्या काबिजादी म्हणतो, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर घेतलेला भाग. आमचे सासरे अजून बोलता बोलता "वाडीकरांच्या वेळेला" म्हणून जातात, जसं काही परवाचीच गोष्ट. त्यामुळे पेडण्या-डिचोलीच्या माणसाने या राजवाड्यात परक्या पाहुण्यासारखं जायचं कारण नाही. राजवाडा बांधला तो तिसऱ्या खेम सावंतांनी, त्यांची कारकीर्द 1755 ते 1803, म्हणजे पेडणं हातचं गेलं ते याच राजाच्या काळात. मला तरी हे कळल्यावर त्या कमानींकडे बघायची नजर बदलली.

जायचं कसं

स्वतःची गाडी असेल तर सोपं. म्हापसा, कोलवाळ, धारगळ, पत्रादेवी, बांदा. बांदा सोडल्यावर मोठा हायवे बायपासने सरळ झारापकडे पळतो, त्याच्या नादाने गेलात तर वाडी बाजूला राहते, तर इन्सुलीला जुन्या रस्त्याला लागायचं आणि छोटासा घाट चढून शहरात यायचं. म्हापशाहून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, पणजीहून साठेक. डिचोलीवाल्यांनी म्हापशाला वळसा घालायची गरज नाही, दोडामार्गवरून बांद्याला निघायचं.

दोन टिपा ज्या कुठल्या मॅपवर नसतात. पेट्रोल गोव्यातच भरून घ्या, हद्दीपलीकडे महाग. आणि डिकीत आदल्या पार्टीची उरलेली बाटली राहिलीय का ते बघा, इन्सुलीला एक्साइजचा नाका आहे आणि तिथे "आम्ही फक्त राजवाडा बघायला चाललोय" हे कारण चालत नाही.

बसने जायचं तर पणजी आणि म्हापशाहून कदंबा (गोव्याची सरकारी बस) आणि एसटी दोन्ही मिळतात, वाडीच्या स्टँडवरून राजवाडा चालत जाण्यासारखा. ट्रेनची मजा वेगळी. सकाळची मांडवी एक्सप्रेस मडगावहून सुटते, थिवी आणि पेडण्याला थांबते, पेडण्यानंतर दीड किलोमीटरचा तो काळोखी बोगदा लागतो आणि मुलं किंचाळतात. फक्त लक्षात ठेवा, सावंतवाडी रोड स्टेशन म्हणजे सावंतवाडी नव्हे. ते मळगावात आहे, तिथून शहर सात-आठ किलोमीटर, रिक्षा करावी लागते. रिक्षावाल्याशी भाडं आधी ठरवा, आणि कोकणीत बोला, मालवणी माणूस कोकणी ऐकली की जरा सैल होतो असा माझा तरी अनुभव.

पोचल्यावर

गाडी तलावाच्या बाजूला जिथे जागा मिळेल तिथे लावा आणि लगेच आत घुसू नका. मोती तलावाच्या काठाने पाचशे पावलं चाला आणि पलीकडून राजवाड्याकडे बघा. पाणी, त्यामागे झाडं, झाडांतून डोकावणारा जांभा आणि मागे नरेंद्र डोंगर. या गावाचं जुनं नाव सुंदरवाडी होतं ते इथे उभं राहिल्यावर पटतं. सकाळी दहाच्या आत ऊन तलावावर तिरकं असतं, फोटो तेव्हाच काढा, दुपारी सगळं पांढरट दिसतं.

मग लेस्टर गेटमधून आत. नाव इंग्रजी अमदानीतलं, गेट मात्र खास आहे, वरती बघत बघत चाला. आत शिरलात की आधी बागेचा भाग लागतो, आणि इथे लोकांची एक चूक होते, ती म्हणजे सरळ हिरवळीवर सतरंजी टाकायची तयारी. असं करू नका. राजघराणं आजही इथेच राहतं, म्हणजे हे कोणाचं तरी राहतं घर आहे, त्याच आवारात त्यांनी एक छोटं हॉटेलही चालू केलंय. त्यामुळे जिथे "खासगी" लिहिलंय तिथे डोकावायचं नाही, फुलं तोडायची नाहीत (एक मावशी देवाला म्हणून जास्वंदी खुडत होत्या, मी बघितलंय), डबा उघडायचा नाही. बागेत सावकाश फिरा, झाडाखाली थांबा, कमानींची सावली जमिनीवर कशी पडते ते बघा. जांभ्याच्या भिंतीजवळ गेलात तर दगडात बारीक बारीक भोकं दिसतील, त्यात शेवाळ धरलेलं, आपल्या जुन्या घरांच्या गडग्यासारखंच. राजाचं घरसुद्धा आपल्याच मातीच्या दगडाचं, हे मला फार आवडतं.

आता प्रामाणिकपणे, तुम्हाला मुख्यतः बागच बघायची असेल तर वाडीला येऊ नका, दक्षिण गोव्यात केप्याला जा. तिथला पालासियो दो दियांव म्हणजे केपे गाव वसवणाऱ्या पोर्तुगीज दियांवने, चर्चमधल्या मोठ्या हुद्द्याच्या धर्मगुरूने, 1787 साली बांधलेला वाडा, मागे कुशावती नदी आणि उतारावर बाग. राजाचा नाही पण बाग म्हणून तो सरस, सध्याच्या मालकांनी निगुतीने सांभाळलाय, आणि आधी सांगून ठेवलं तर जेवणही मिळतं. वाडीची बाग ही राजवाड्याचं अंगण म्हणून बघायची.

दरबार हॉल

तिकीट काढून आत. तिकीट खिशाला जड नाही. आत सिंहासन, झुंबरं, राजघराण्याच्या तसबिरी, शिकारीच्या काळातली जनावरांची मुंडकी. तसबिरींत बापूसाहेब महाराज शोधा, पाचवे खेम सावंत, पहिल्या महायुद्धात लढायला गेलेले आणि 1937 साली चाळिशी गाठायच्या आतच वारलेले. वाडीची म्हातारी माणसं अजून "पुण्यश्लोक बापूसाहेब" असंच नाव घेतात, नुसतं बापूसाहेब म्हणत नाहीत. या भागाला पंधरा-वीस मिनिटं पुरे. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, मोबाइल डोक्यावर धरून फिरू नका.

मग कलाकारांकडे वळा, आणि बसा. उभ्याने बघू नका, उभं राहिलं की माणूस दोन मिनिटांत निघतो.

मागच्या डिसेंबरात माझ्या भाच्याला घेऊन गेले होते, वय वर्षं नऊ, एका जागी न बसणारा. समोर एक काकी मत्स्य अवताराचा पत्ता रंगवत होत्या. पत्ता केवढा, तर मोठ्या बिस्किटाएवढा. माशाचं अंग आधीच भरलेलं, आता खवले चालू होते. ब्रशला टोकाला म्हणाल तर चार केस असतील. काकी ब्रश रंगात बुडवत, मग डाव्या हाताच्या नखावर एकदा टेकवून जास्तीचा रंग काढत, श्वास धरत आणि एक खवला काढत. एक खवला म्हणजे नखाच्या कोरीएवढी एक कमान. पुन्हा बुडवणं, नख, श्वास, कमान. त्यांचं ते डावं नख लाल-पिवळं-हिरवं होऊन गेलेलं. भाच्याने बोट पुढे केलं तशा मान वर न करता म्हणाल्या, "हात लावू नको रे बाळा, अजून ओला आसा." मग थोड्या वेळाने, "खेळूक येता तुका?" हा म्हणतो नाही. "माका पण पुरो येणा नाय," म्हणाल्या आणि हसल्या. तो पोरगा तिथे पाऊण तास बसला. पाऊण तास!

काय काय विचारायचं ते सांगते, कारण कलाकार आपणहून बोलत नाहीत पण विचारलं की छान सांगतात. पत्ता कशाचा करतात ते विचारा. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, त्यावर पांढरा लेप देऊन, दगडाने घोटून गुळगुळीत करायचे, मग रंगवून वरून लाखेचा हात. खेळ कसा चालतो ते विचारा, त्यातली गंमत अशी की अर्ध्या अवतारांत आकड्यांपैकी दहाचा पत्ता भारी आणि उरलेल्या अर्ध्यांत उलटा क्रम, एक्का भारी, आणि दिवसा खेळायला बसलात तर सुरुवात रामापासून आणि रात्री कृष्णापासून. तीन जणांचा डाव. हे सगळं इराणातून मुघलांबरोबर आलेल्या पत्त्यांवरून आलं, त्यांचा मुघल गंजिफा शहाण्णव पत्त्यांचा, आपल्याकडच्या लोकांनी त्यात विष्णू घालून एकशेवीस केले.

आणि ही कला आज इथे दिसते याचं श्रेय शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी या राजा-राणीला. सत्तरच्या दशकात कला जवळजवळ बुडालेली, करणारे हाताच्या बोटावर. तेव्हा या दोघांनी एका वयोवृद्ध चिताऱ्याकडून स्वतः शिकून घेतलं, राजवाड्यातच कारखाना मांडला आणि गावातल्या मुलामुलींना बसवून शिकवलं. राणीसाहेब बडोद्याच्या गायकवाडांची लेक, 2018 साली गेल्या, शेवटपर्यंत त्या या कामात होत्या. राजवाड्याचा दरबार भरायचा बंद झाला तर त्यात कारखाना भरवला, मला ही आयडिया कुठल्याही झुंबरापेक्षा मोठी वाटते. आता तर वाडीच्या गंजिफाला आणि लाकडी खेळण्यांना जीआय (भौगोलिक) मानांकनही मिळालंय.

विकत घ्यायचं तर

राजवाड्यातच विक्रीला असतात, पूर्ण हाताने रंगवलेला दशावतारी संच हजारोंच्या घरात जातो, आणि वर सांगितलेले खवले बघून आल्यावर तो महाग वाटत नाही. एवढा खर्च नको असेल तर सुटे पत्ते, छोट्या डब्या, कोस्टर वगैरे घ्या.

बाहेर एका दुकानात मी स्वतः फसलेय म्हणून हे नीट वाचा. हाताने रंगवलेला म्हणून मला सांगितलेला संच घरी आणून भिंग लावून बघितला तर छापील निघाला. ओळखायचं असं: एकाच अवताराचे दोन पत्ते शेजारी शेजारी धरा, त्यातला एकच आकार, समजा कासव, दोन्हीवर ताडून बघा. हाताचं काम असेल तर एका कासवाचा पाय जरा लांब, एकाची मान वाकडी असणारच. दोन्ही तंतोतंत सारखी असली तर छापील. दुसरं, पत्ता उजेडाकडे तिरका धरून बोट फिरवा, रंगाचा किंचित उंचवटा लागतो. छापील संचही वाईट नसतो, खेळायला तोच बरा, फक्त हाताच्या भावात घेऊ नका.

जेवण आणि दुपार

बाराच्या पुढे-मागे बाहेर पडाल. गावात मालवणी खानावळी आहेत, जिथे स्थानिक माणसं बसलेली दिसतील तिथे शिरा. सुरमई किंवा बांगडा, तिखलं, सोलकढी, शाकाहारी असाल तर काळ्या वाटाण्याची आमटी आणि घावणे. आपल्या हुमणापेक्षा (गोव्याकडची माशांची आमटी) मसाला वेगळा, भाजका, उगाच "आमच्यासारखं नाही" म्हणून नाक मुरडू नका.

जेवून चितार आळी. नावातच आहे, चिताऱ्यांची आळी, लाकडी खेळण्यांची दुकानं ओळीने. खरी ओळख म्हणजे लाकडाची फळं, केळी, आंबा, सीताफळ, कारलं. पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरतात, हातात घेतलं की दचकायला होतं इतकं हलकं लागतं. घेताना देठ बघा, देठ सैल असेल तर महिन्याभरात निघतो. लहान बाळासाठी घेत असाल तर रंग कोणता ते विचारा, आणि बाळ तोंडात घालणारं असेल तर सरळ न रंगवलेलं खेळणं मागा, मिळतं. भातुकलीचा सेट आणि खडखडे लाडू हे माझं ठरलेलं पार्सल.

मुलं कंटाळली तर जवळच्या जगन्नाथराव भोसले उद्यानात सोडा, घसरगुंडी-झोपाळे आहेत. आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले इकडचेच, त्यांच्या नावाची बाग. ज्येष्ठ मंडळींना मात्र परत तलावाकाठी बसवा, संध्याकाळी वारा छान सुटतो आणि भजी मिळतात.

परतताना

ट्रेनवाल्यांनी परतीच्या गाडीची वेळ सकाळीच स्टेशनवर बघून घ्यावी, पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल बदलतं आणि संध्याकाळची गाडी उशिरा धावणं हे नित्याचं. गाडीवाल्यांनी अंधार पडायच्या आत इन्सुली घाट उतरावा, तीव्र नाही पण वळणांवर ट्रक असतात.

आणि पत्ते घेतलेत तर शेवटचं काम घरी. आपल्या गोव्याच्या हवेत जूनपासून सगळ्याला बुरशी धरते, चपलांना धरते तिथे लाखेच्या पत्त्यांचं काय. माझ्या पहिल्या सुट्या पत्त्यांपैकी वामनाच्या छत्रीवर पांढरे ठिपके आले होते. तेव्हापासून संच त्याच्या लाकडी डबीत, डबी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आत बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या चार पुड्या, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा कोरडा दिवस बघून पत्ते पंख्याखाली पसरायचे. उन्हात नाही, पंख्याखाली. ओल्या फडक्याने पुसायचे तर मुळीच नाहीत.